गहाण कधी सोडवायचं? वऱ्हाडातल्या कर्जफेडीचा इतिहास आणि आपलं घरखर्चाचं गणित



आजचा विषय तुमच्या-आमच्या घरातला आहे. घरावर बँकेचं कर्ज आहे, दर महिन्याला हप्ता जातोय, आणि मध्येच हातात थोडे जास्तीचे पैसे येतात. कापसाचा चुकारा येतो, महागाई भत्त्याचा फरक मिळतो, भिशी लागते. मग रात्री जेवणं झाल्यावर नवरा-बायकोत बोलणं निघतं, की हे पैसे कर्जात भरून टाकायचे की घरात राहू द्यायचे? एकाला वाटतं, डोक्यावरचं ओझं लवकर उतरलेलं बरं. दुसऱ्याला वाटतं, जूनमध्ये पेरणी आहे, पोराची फी आहे, हातात काही नको का?

या प्रश्नाकडे मी इतिहासाच्या बाजूने बघणार आहे. कारण हा प्रश्न आज आपण विचारू शकतो, हीच गोष्ट मुळात नवी आहे. मुदतीआधी कर्ज फेडायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकार कर्जदाराच्या हातात असणं, ही आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात फार अलीकडची घटना आहे. आपल्या पणजोबांकडे तो अधिकार नव्हता. आणि ज्यांनी मोठ्या कष्टानं गहाण सोडवलं, त्यांतले कित्येक जण दोन-चार हंगामांत पुन्हा त्याच ओट्यावर जाऊन बसले. असं का झालं, हे समजलं तर आपला प्रश्न बराच सुटतो.

शेत गहाण ठेवण्याजोगं कधी झालं?

आपला जिल्हा म्हणजे जुना वणी जिल्हा. १९०५ साली त्याला यवतमाळ हे नाव मिळालं. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं. १८६० च्या दशकात इथं मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी आणि जमाबंदी सुरू झाली. शेताला नंबर पडला, आकार ठरला, खातेदाराचं नाव सरकारी कागदावर चढलं. सारा भरत राहा, जमीन तुमची. ती विकता येईल, वारसाला देता येईल, गहाणही ठेवता येईल.

शेतकऱ्याला हक्क मिळाला ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्याच कागदामुळे सावकाराला तारणही मिळालं. त्याआधी सावकार पिकाकडे बघून, माणसाकडे बघून पैसे द्यायचा. आता तो जमिनीकडे बघून देऊ लागला. त्याच दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जाणं थांबलं, आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. जमिनीची किंमत वाढली, तशी पतही वाढली. युद्ध १८६५ मध्ये संपलं, भाव उतरले. घेतलेलं कर्ज मात्र तेवढंच राहिलं. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ आले. चांगल्या वर्षी काढलेलं कर्ज वाईट वर्षी फेडायचं, ही वऱ्हाडची जुनी रड आहे.

मुदत कोणाच्या सोयीची?

आता गहाणखताचे प्रकार बघू. नजरगहाणात शेत शेतकऱ्याच्याच ताब्यात राहायचं, पैसे बुडाले तर सावकार कोर्टात जायचा. कब्जेगहाणात शेताचा ताबा सावकाराकडे, आणि पीक त्याला व्याजापोटी. तिसरा प्रकार मुदत खरेदीचा. कागदावर विक्री, पण अमुक मुदतीत पैसे परत दिले तर शेत परत. मुदत चुकली की शेत गेलं. ही परत देण्याची अट पूर्वी वेगळ्या कागदावर, कधी नुसती तोंडी असायची. म्हणून १९२९ साली कायद्यात दुरुस्ती झाली, की अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण धरला जाणार नाही. दुरुस्तीचा हेतू वाद कमी करण्याचा होता. पण तोंडी शब्दावर विसंबणाऱ्याला तिचा आधार नव्हता.

कब्जेगहाण जरा नीट समजून घ्या. शेत काळीचं आहे, कापूस चांगला येतोय, आणि ते पीक दरवर्षी सावकाराच्या घरी जातंय. अशा सावकाराला आपले पैसे लवकर परत हवे असतील का? अजिबात नाही. त्याला कर्जदार बुडायला नको असतो, आणि मोकळा व्हायलाही नको असतो.

कायदा काय म्हणत होता? १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा पुढे वऱ्हाडातही लागू झाला. त्याच्या कलम ६० मध्ये गहाण सोडवून घेण्याचा हक्क आहे. फार मोठा हक्क आहे तो. गहाण ते गहाणच, कुठल्याही अटीनं ते कायमचं अडकवून ठेवता येत नाही, हे तत्त्व त्यातूनच येतं. पण त्या कलमातले शब्द बघा. मुद्दल देय झाल्यानंतर केव्हाही, असं ते म्हणतं. देय होण्याआधी नाही. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं १९१४ मध्ये हेच स्पष्ट केलं. मुदतीआधी सावकार वसुली करू शकत नाही, तसा कर्जदारही करारात तशी सवलत नसेल तर मुदतीआधी सोडवून घेऊ शकत नाही. तराजू दोन्हीकडे सारखा.

कागदावर सारखा, हं. प्रत्यक्षात मुदत कोण ठरवायचं? पैसे देणारा. स्वतंत्र भारतात, १९५८ साली, सुप्रीम कोर्टापुढे अजमेरचं एक प्रकरण आलं होतं. १८९९ साली केलेलं गहाण, मुदत ८५ वर्षं! कोर्टानं म्हटलं, मुदत लांब आहे एवढ्यावरून ती बेकायदा ठरत नाही. मात्र मुदत संपल्यावर सहा महिन्यांत सोडवलं नाही तर हक्क कायमचा जाईल, ही अट कोर्टानं उडवून लावली. म्हणजे हक्क शाबूत ठेवला, पण वाट बघावीच लागेल असं सांगितलं.

आणि मुदत संपल्यावर शेतकरी पैसे घेऊन गेला, तर सावकार घरी नाही, हिशोब बाकी आहे, पुढच्या सोमवारी ये! कायदा करणाऱ्यांना हेही माहीत होतं. म्हणूनच कलम ८३ आणि ८४ आहेत. देणं देय झालं आहे आणि सावकार पैसे घेत नाही, तर ती रक्कम कोर्टात भरा. रीतसर देऊ केल्यापासून किंवा भरल्यापासून व्याज थांबतं. एखाद्या कायद्यात अशी तरतूद करावी लागते, यावरूनच घ्यायचे पैसे टाळणारे सावकार किती असतील याचा अंदाज करा. ही कलमं आजही कायद्यात आहेत.

जुन्या मुदत कायद्यात गहाण सोडवण्याचा दावा ६० वर्षांपर्यंत करता यायचा. १९६३ च्या कायद्यानं ती मुदत ३० वर्षं केली. साठ वर्षं म्हणजे आजोबांनी ठेवलेलं गहाण नातवानं सोडवायचं. घराघरांत गहाणखताचा कागद ट्रंकेत जपून ठेवलेला असायचा, तो यासाठी.

सुटलेलं शेत परत का अडकायचं?

आता मुख्य मुद्द्यावर येतो. समजा गडी जिद्दीचा आहे. पीक साधलं, भाव मिळाला, त्यानं सगळा पैसा नेऊन ओतला आणि शेत सोडवलं. गावात मान वाढला. पुढे काय?

पुढे येतो जून. कोरडवाहू कापसाच्या शेतीत पैसा साधारण दिवाळीनंतर ते होळीपर्यंत येतो. खर्च मात्र बारा महिने असतो, आणि त्यातला सगळ्यात मोठा नेमका पेरणीच्या तोंडावर. बी आणायचं, बैलजोडी बघायची, सालदाराला उचल द्यायची, घरात नवं धान्य येईपर्यंत खायचं. घर रिकामं करून शेत सोडवलेल्या माणसाकडे जूनमध्ये काय असणार? तो सवाई-दिढीवर धान्य उचलायचा. एक पोतं घेतलं तर हंगामावर सव्वा पोतं किंवा दीड पोतं परत. चार-सहा महिन्यांत पंचवीस ते पन्नास टक्के! गहाणाचं व्याज याच्यापुढे काहीच नाही. एक पाऊस दगा देऊन गेला, की हे नवं देणं फिटत नसे. मग त्याचं खत व्हायचं, आणि खताला तारण म्हणून तेच शेत.

त्यात आणखी एक मेख होती. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम आहे. थकलेलं व्याज कोणत्याही वेळी मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही. मुंबई इलाख्यातली न्यायालयं तो पाळत. पण जुनं खत फाडून नवं केलं, थकलेलं व्याज नव्या मुद्दलात मिसळलं, की दामदुपटीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शेतकऱ्याला वाटायचं मुदत वाढवून मिळाली, सावकार भला माणूस आहे. वाढलेलं असायचं मुद्दल. याच संतापातून १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत दंगे झाले, लोकांनी सावकारांची खतं जाळली. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. तो मुंबई इलाख्याचा होता. वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हतं.

इथं सरकार हललं ते १९२९ च्या जागतिक मंदीनंतर. कापसाचे भाव कोसळले. रुपयांत घेतलेलं कर्ज फेडायला आधीपेक्षा किती तरी जास्त कापूस विकावा लागू लागला. मध्य प्रांत सरकारनं १९३३ साली कर्ज तडजोडीचा कायदा केला आणि तडजोड मंडळं बसवली. सावकार आणि कर्जदार समोरासमोर, जुना हिशोब बाहेर, रक्कम कमी करा, हप्ते पाडा. १९३९ च्या कर्जनिवारण कायद्यानं तर नुसत्या तडजोडीवर न थांबता कर्ज कमी करण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. मला यातला हप्ता हा शब्द महत्त्वाचा वाटतो. एकरकमी फेड जमत नाही, आणि जमली तरी माणूस उघडा पडतो, हे सरकारी पातळीवर मान्य झालं ते इथं.

तरीही सावकार हटला नाही. रिझर्व्ह बँकेनं १९५१-५२ मध्ये देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली. शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के निघाला, आणि सावकारांचा सत्तर टक्क्यांच्या जवळपास. पुढे पीककर्जासाठी सोसायटी आणि जिल्हा बँक, विहीर-मोटरसाठी भूविकास बँक, अशी रचना उभी राहिली. १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी आली, आणि कापसाचे पैसेही टप्प्याटप्प्यानं मिळू लागले. भूविकास बँका पुढे डबघाईला आल्या. २०१५ मध्ये त्या गुंडाळण्याचा निर्णय झाला, पण सातबाऱ्यावरचा बोजा तसाच. २०२२ मध्ये राज्य सरकारनं सुमारे ३५ हजार शेतकऱ्यांची सुमारे ९६४ कोटींची थकबाकी माफ केली, तेव्हा कुठे ते उतारे मोकळे व्हायची वाट झाली. देणारी बँक गुंडाळली तरी बोजा उरतो, हेही लक्षात ठेवा.

आजचा हक्क आणि आजचं गणित

आता आपल्या घराच्या कर्जाकडे येऊ. अगदी काल-परवापर्यंत बँका मुदतीआधी कर्ज फेडणाऱ्याकडून दंड घ्यायच्या. लवकर मोकळा होतोस, भर दंड! कारण तेच, कब्जेगहाणवाल्या सावकाराचं. दामोदरन समितीनं हा दंड काढा असं सुचवलं, आणि जून २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर असा दंड घ्यायला बँकांना मनाई केली. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात तर व्याजदर बदलतील तेव्हा हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा, आणि मुदतीत केव्हाही काही रक्कम किंवा सगळी रक्कम भरायची मुभा द्या, असं सांगितलं. १८८२ चा कायदा म्हणतो देय झाल्यावर केव्हाही, आणि हे परिपत्रक म्हणतं मुदतीत केव्हाही. या दोन वाक्यांमध्ये १४१ वर्षं गेली आहेत.

हे परिपत्रक का लागलं? रेपो दर मे २०२० मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये तो साडेसहा झाला. अनेकांचा हप्ता तेवढाच राहिला, म्हणून त्यांना काही जाणवलं नाही. मुदत मात्र गुपचूप लांबली होती. जुनं खत फाडून नवं करण्याचीच ही सभ्य आवृत्ती समजा. तेव्हा घरी गेल्यावर कर्जाचं स्टेटमेंट काढा आणि किती हप्ते राहिलेत ते मोजा.

आता आकडे. वीस लाखांचं कर्ज, वीस वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता बसतो सुमारे १७,३५६ रुपये. पहिल्या हप्त्यातले १४,१६७ रुपये व्याजाचे आणि मुद्दलात फक्त ३,१८९. वीस वर्षांत व्याज जातं सुमारे २१ लाख ६५ हजार. पहिलं वर्ष संपल्यावर तुम्ही एक लाख जास्तीचे भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर सुमारे २६ हप्ते वाचतात. दर तोच राहिला तर एकूण साडेतीन लाखांच्या आसपास व्याज वाचतं. लवकर भरण्याची ताकद खरीच आहे. सुरुवातीच्या वर्षांत भरलेला रुपया जास्त काम करतो. आणि भरताना बँकेला लेखी सांगा, की हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा.

पण याच्या शेजारी दुसरा हिशोब मांडा. तो एक लाख भरल्यानं त्या वर्षात वाचलेलं व्याज आहे सुमारे साडेआठ हजार. आणि तो लाख भरल्यामुळे घरात काही उरलं नाही, जूनमध्ये पेरणी आली, किंवा आईला नागपूरला दवाखान्यात न्यावं लागलं, आणि शेकडा तीन रुपये महिन्यानं लाखभर उचलावे लागले, तर वर्षाचं व्याज छत्तीस हजार. साडेआठ हजार वाचवायला छत्तीस हजार! सवाई-दिढीचीच गोष्ट आहे ही, फक्त पोत्याच्या जागी नोटा आल्या. शिवाय बँकेत भरलेला पैसा मागून परत मिळत नाही. पुन्हा कर्ज हवं तर पुन्हा अर्ज.

म्हणून इतिहासातून मी जो क्रम घेतो तो असा. सगळ्यात आधी हातउसनं, सावकारी, सोन्यावरचं, क्रेडिट कार्डाचं, म्हणजे महागडं देणं संपवा. मग घरात किंवा बँकेत सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला ठेवा. शेती असेल तर येत्या पेरणीचा सगळा खर्च त्याच्या वर. हे झाल्यावर जे उरेल ते बिनदिक्कत गृहकर्जात भरा, आणि चुकारा येतो त्या महिन्यातच भरा, म्हणजे खर्च होऊन जात नाही. करसवलतीसाठी कर्ज ठेवा असं कोणी सांगितलं तर आधी आपण कोणत्या कररचनेत आहोत ते बघा. नव्या रचनेत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जव्याजाची वजावट मिळत नाही.

घरात जो म्हणतो भरून टाकू, तो बरोबर आहे. जी म्हणते हातात काही राहू दे, तीही बरोबर आहे. आधी तिचं ऐकायचं आणि मग त्याचं, एवढाच क्रम.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय. कर्जमाफी येणारच असेल तर लवकर कशाला फेडायचं? प्रामाणिक प्रश्न आहे. आतापर्यंतच्या माफ्या शेतीकर्जाच्या होत्या, गृहकर्ज त्यात नव्हतं. आणि शेतीकर्जाचंही बघा. २००८ च्या केंद्राच्या योजनेत पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंत होती. आपल्याकडे कोरडवाहू जमीन थोडी जास्त आणि उत्पन्न कमी, असे पुष्कळ शेतकरी त्या रेषेबाहेर राहिले. त्यांना २५ टक्के सूट होती, पण आधी बाकीची रक्कम भरायची. २०१९ च्या राज्याच्या योजनेत दोन लाखांपर्यंतची थकबाकी माफ झाली आणि नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन. माफी कधी येईल, रेषा कुठे पडेल, हे आपल्या हातात नाही. तिच्या भरवशावर थकलेला माणूस मधल्या काळात नवं पीककर्ज मिळत नाही म्हणून कुठे जातो, हे या सभागृहात मी सांगायची गरज नाही. सावकारानं अशा वेळी तारण म्हणून खरेदीखत करून घेतलं असेल, तर २०१४ च्या राज्याच्या सावकारी कायद्याखाली जिल्हा निबंधकाकडे दाद मागता येते. ते दार माहीत असू द्या.

शेवटचं आणि अगदी कामाचं. पूर्वी पैसे दिले पण पावती घेतली नाही, म्हणून किती शेतं गेली त्याला गणती नाही. आज कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत बँकेनं मालमत्तेचे मूळ कागद परत द्यायचे असतात. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. तेव्हा शेवटचा हप्ता भरला म्हणून पेढे वाटायची घाई करू नका. बेबाकी दाखला घ्या, मूळ कागद मोजून घ्या, शेतीचं कर्ज असेल तर तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज द्या आणि नवा सातबारा काढून डोळ्यांनी बघा. इतर हक्कातली ती ओळ गेली, की मग गहाण सुटलं.